चिमणभाईंच्या कष्टाळू माश्या

आमच्या गावात भांडण झालं की दोन्ही बाजूंनी चिमणभाईंचा ओटा गाठायचा, असा रिवाज आहे. चिमणभाई राऊत हे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. समिती निघाली तेव्हा अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून गावात दोन तट पडले होते. ते मिटवायला चिमणभाई मध्ये पडले आणि मिटवता मिटवता स्वतःच अध्यक्ष झाले. त्याला आता बरीच वर्षं झाली.

त्यांची न्याय करायची रीत एकच. दोघांना चहा पाजायचा आणि सगळं सारखं वाटून द्यायचं. एकदा बांधावरच्या माडावरून दोन भाऊ भांडत आले. बुंधा एकाच्या हद्दीत, शेंडा दुसऱ्याच्या. चिमणभाईंनी निकाल दिला की नारळ ज्याच्या हद्दीत पडेल त्याचा. त्या वर्षी वारा सुटला की दोघे भाऊ माडाला दोर बांधून आपापल्या बाजूला ओढताना दिसायचे. शेवटी माडच उन्मळून पडला. चिमणभाई म्हणाले, "चला, कारणच संपलं." दुसऱ्या एका वर्षी एकाच दिवशी दोन लग्नं आली आणि दोन डीजे समोरासमोर उभे राहिले. एक गाणं याचं, मग एक त्याचं, असा तोडगा निघाला. पण समोरच्याचं गाणं संपेपर्यंत थांबायची कोणाचीच तयारी नव्हती. त्या दिवशी दोन्हीकडच्या भटजींनी मंगलाष्टकं जवळजवळ खुणांनी म्हटली.

गावाला तंटामुक्तीचा पुरस्कार मात्र मिळाला. लोक समितीकडे जायचंच टाळत होते, त्यामुळे नोंदवलेले तंटे फारच कमी होते.

माणूस वाईट नाही. कोणाचा आवाज चढला की ते खरंच उठून चहाचं आधण ठेवायला सांगतात. त्यांची आई आणि चुलती एकमेकींशी बोलत नसत. दोन्ही घरांच्या परसात मेंदीचं कुंपण आहे, ते त्या अबोल्यातच लावलेलं. लहानपणी चिमणभाई कुंपणापाशी उभे राहून इकडचे निरोप तिकडे देत असत, आणि देताना त्यातले कडक शब्द गाळत असत. न्यायदानाचं त्यांचं शिक्षण एवढंच.

आता कुंपणाच्या पलीकडे चुलतभाऊ प्रविण राहतो. तो बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून चिकूच्या वाडीचं सगळं त्याची बायको जयवंती बघते. दोन्ही घरांत येणं-जाणं चांगलं आहे. फक्त कुंपणात वाट कोणी ठेवली नव्हती, म्हणून जायचं तर रस्त्याने वळसा घालून जावं लागतं.

मध्यंतरी दोन्ही वाड्यांत चिकूचा मोहर टिकेना. मधमाश्या ठेवा, फळधारणा सुधारेल, असं कोणीतरी सांगितलं, आणि तळासरीला मधमाशीपालनाचं शिबिर होतं तिथे चिमणभाई, त्यांच्या पत्नी अंबूबाई आणि जयवंती असे तिघे गेले. शिकवायला ऋचा नावाच्या बाई होत्या, तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. जयवंती आणि अंबूबाई ऐकत होत्या. चिमणभाईंकडे आभारप्रदर्शन होतं. कोणाचं नाव आधी घ्यायचं आणि कोणाचं नंतर, म्हणजे कोणी रुसणार नाही, याचा विचार करण्यात त्यांचं शिबिर गेलं. आभार मात्र सुरेख झाले.

येताना दोन घरांना एकेक पेटी मिळाली. लाकडी पेटी, आत चौकटी, चौकटींवर सातेरी जातीच्या माश्या. दोन्ही घरांनी आपापली पेटी कुंपणाजवळच ठेवली, कारण सावली तिथेच होती. चिमणभाईंची पेटी जोमाने वाढली. जयवंतीच्या पेटीला आधी मुंग्या लागल्या, मग मेणकिडे लागले, आणि माश्या मूठभर उरल्या.

श्रावणात पाऊस उघडला. ऊन पडलं, पण रानात फूल नव्हतं. माश्यांना असे दिवस उपासाचे. जयवंतीने साखरेचा पाक केला आणि सकाळच्या घाईत पेटीत ठेवताना थोडा पेटीच्या अंगावर सांडला. पुसायचं राहून गेलं. आत गुदमरायला नको म्हणून पेटीचं दारही तिने पूर्ण उघडं ठेवलं होतं.

दुपारी तिने कुंपणावरून हाक मारली. "वहिनी, बघा तरी. माझ्या पेटीवर जत्रा भरलीय."

अंबूबाईंनी पाहिलं. दारापाशी माश्यांची झुंबड होती. त्या हवेत आडव्यातिडव्या झुलत होत्या, भिंतीवर आपटत होत्या, फटींत तोंडं खुपसत होत्या. दोघींना वाटलं, पेटी सावरली.

त्याच सुमारास चिमणभाईंच्या पेटीवरही वर्दळ वाढली. झाकण उघडून त्यांनी चौकट उचलली तर हाताला जड लागली. पोळ्याच्या रिकाम्या घरांत ताजा मध चमकत होता. चिमणभाईंचा ऊर भरून आला. त्यांनी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "रानात एक फूल नाही, तरी माझ्या माश्या मध आणतात. कष्ट करणाऱ्याला दुष्काळ नसतो. तरुणांनी बोध घ्यावा." तरुणांनी अंगठे पाठवले.

"पण फुलं कुठे आहेत?" अंबूबाईंनी विचारलं.

"त्या शोधतात."

"कुठे?"

"लांब जातात, अंबू. तुझ्यामाझ्यासारख्या ओट्यावर बसून राहत नाहीत."

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झाल्यावर त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि ते मधमाशीवर बोलले. शिस्त, एकजूट, परिश्रम. माशी दुसऱ्याच्या कष्टावर जगत नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. पोरं उन्हात उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण नंतर खाऊ होता.

मग एका सकाळी जयवंती रस्त्याने वळसा घालून चिमणभाईंच्या ओट्यावर आली. तिच्या हातात स्टीलचं ताट होतं आणि ताटात मेलेल्या माश्या. काहींची पायांनी एकमेकींना घातलेली मिठी अजून सुटली नव्हती. बाजूला रव्यासारखा मेणाचा चुरा होता.

"भावोजी, तक्रार द्यायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"ते तुम्ही शोधायचं. पेटीपुढे ह्यांचा सडा पडलाय. आतली पोळी फाडून टाकलीत. मध जेमतेम उरलाय. कोणीतरी लुटतंय."

चिमणभाई गंभीर झाले. शेजारच्या परसात, तेही सख्ख्या चुलतभावाच्या घरी, तंटा. त्यांनी त्याच दुपारी समिती बोलावली. समिती म्हणजे भिका रिक्षावाला आणि काकड्या. काकड्या मूळचा रानशेतकडचा शेतकरी, पण घरजावई होऊन आमच्याकडे आला आणि समितीवर घेतला गेला, कारण त्याचं गावात कोणाशीच जुनं भांडण नव्हतं.

भिकाने पेटी लांबून पाहिली आणि म्हणाला, "हे आपल्याकडचं काम नाय. वेवजीच्या पलीकडे गुजरात लागतो. तिकडून येत असणार."

"माश्या?" जयवंतीने विचारलं.

"मग? रोज किती जण येतात तिकडून. माशीला कोण अडवणार?"

चिमणभाईंना हे पटलं. बाहेरचा चोर असला की निकाल सोपा होतो, गावात कोणाचं मन दुखत नाही. त्यांनी मान हलवून म्हटलं, "बाहेरच्या असोत की घरच्या, मूळ कारण भूक आहे. भुकेपोटी भांडणं होतात. सगळ्यांना सारखं खायला मिळालं तर कोण कोणाला लुटेल?"

काकड्या हळूच म्हणाला, "चिमणभाय, पोट भरलेला माणूस चोरी करत नाय, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

पण निकाल झाला होता. चिमणभाईंनी अंबूबाईंना मोठी परात भरून साखरेचा पाक करायला सांगितला. परात कुंपणापाशी उघड्यावर ठेवायची आणि दोन्हीकडच्या माश्यांनी मिळून जेवायचं.

"एक थेंब सांडला तर मुंग्यांची रांग लागते," अंबूबाई म्हणाल्या. "तुम्ही परात ठेवायला निघालात."

"रांग लागली तर चांगलंच. शिस्त असते रांगेत."

परात ठेवली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. चिमणभाई काठावर उतरलेल्या दोन माश्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, एक इकडची, एक तिकडची. शेजारी शेजारी बसल्यात." भिकाने फोटो काढला.

मग त्या दोघी गेल्या आणि बातमी सांगून आल्या. थोड्या वेळात परातीवर काळा थर चढला. माश्या माश्यांच्या पाठीवर बसू लागल्या, खालच्या पाकात बुडू लागल्या. कुठून कुठून गांधीलमाश्या आल्या आणि त्यांनी बुडणाऱ्यांना उचलून न्यायला सुरुवात केली. ज्यांना परातीत जागा मिळाली नाही त्या वासाने पिसाळून दोन्ही पेट्यांवर, मग अंबूबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर, मग समितीवर आल्या. भिका रिक्षात शिरला आणि दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडून बसला. काकड्या आधीच निघून गेला होता. चिमणभाई मात्र शेवटपर्यंत परातीपाशी उभे राहून "शांत, शांत" म्हणत होते. त्यांना वरच्या ओठावर, खालच्या ओठावर आणि डाव्या पापणीवर डंख बसले. संध्याकाळपर्यंत तोंड इतकं सुजलं की बोलता येईना, आणि गावाने एक निवांत संध्याकाळ अनुभवली.

जयवंतीने तोवर ऋचाबाईंना फोन केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तळासरीहून स्कूटरवर आल्या. आल्या आल्या त्यांनी परात पाहिली आणि विचारलं, "ही कोणाची कल्पना?"

चिमणभाई एका डोळ्याने चिकूच्या झाडाकडे बघत होते.

बाईंनी परात उचलून घरात नेऊन धुवायला लावली. कुंपणापाशी सांडलेला पाक पाण्याने धुतला, जयवंतीच्या पेटीचं अंग ओल्या फडक्याने पुसलं. मग चिखल कालवून पेटीच्या फटी लिंपल्या आणि दार इतकं लहान केलं की एका वेळी एकच माशी आत जाईल. वरून ओली चादर टाकली, फक्त दारापुढची जागा मोकळी ठेवली, आणि दाराशी थोडं गवत ठेवलं. हात चालू असताना त्या बोलत होत्या. "पेटी कमजोर असली की दार लहान ठेवायचं. लहान दार दोन माश्याही राखू शकतात. पाक द्यायचा तो आत, आणि संध्याकाळी, उडणं थांबल्यावर. हे शिबिरात सांगितलं होतं."

जयवंती ओशाळली. "लक्षात होतं. घाईत राहिलं."

भिकाने पुढे येऊन विचारलं, "बाई, ह्या गुजरातच्याच ना?"

"माशी चोरीला इतक्या लांब जात नाही. ती जवळचं घर बघते." त्यांनी जयवंतीकडे तांदळाचं बारीक पीठ मागितलं. "बघायचंय का कुठे जातात त्या?"

एव्हाना गावातले बरेच जण जमले होते. चिमणभाईंचं तोंड बघायलाच बहुतेक आले होते. ऋचाबाई पेटीच्या दाराशी उकिडव्या बसल्या आणि आतून पोट भरून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमटी चिमटीने पीठ भुरभुरू लागल्या. त्या माश्या काळपट, गुळगुळीत होत्या. मारामारीत अंगावरची लव झडून गेलेली. पीठ पडलं की क्षणभर थबकायच्या, मग पांढऱ्या होऊन उडायच्या.

सगळ्यांनी माना वर केल्या. पांढरे ठिपके वर चढले, मेंदीच्या कुंपणावरून गेले आणि खाली उतरले. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या अंबूबाई म्हणाल्या, "इथे उतरल्या."

"कुठे?" ऋचाबाईंनी विचारलं.

"आमच्या पेटीवर."

मग सगळे रस्त्याने वळसा घालून चिमणभाईंच्या परसात आले. पेटीच्या फळीवर पिठाने माखलेल्या माश्या एकामागून एक उतरत होत्या आणि घरच्यासारख्या आत शिरत होत्या. दारावरच्या पहारेकरणी त्यांना अडवत नव्हत्या. उलट एक त्यांचं पीठ चाटून साफ करत होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं चिमणभाई नंतर अंबूबाईंना म्हणाले. त्यांना शाळेचं पटांगण आठवत होतं, आणि दोनदा म्हटलेलं ते वाक्य. गेले कित्येक दिवस ते रोज सकाळी ह्या पेटीपुढे खुर्ची टाकून बसत होते आणि लुटीचा माल घरी येताना पाहून त्यांचे डोळे पाणावत होते. अंबूबाईंनी आतून खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली. ते बसले नाहीत.

सुजलेल्या ओठांतून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. "झालं ते झालं. माशीला काय कळतं. नुकसान दोघांचं सारखंच..."

"सारखं कसं, भावोजी?" जयवंती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझी पेटी रिकामी झाली आणि तुमची भरली."

हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. ओठ बरे असते तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं. ते नव्हते, म्हणून त्यांना विचार करावा लागला.

ऋचाबाई म्हणाल्या, "एक उपाय आहे. थोडा धोका आहे, पण पेट्या इतक्या जवळ असल्या की जमतो. दोन्ही पेट्यांची जागा बदलायची. ही तिकडे, ती इकडे. उद्या लुटारू बाहेर पडतील आणि सवयीने ह्याच जागेवर परत येतील. इथे कमजोर पेटी असेल. ज्या घराला लुटत होत्या तेच त्यांचं घर होईल आणि तेच राखत बसतील."

"म्हणजे," चिमणभाई म्हणाले, "माझा मध तिच्याकडे?"

"तो आपला कधी होता?" अंबूबाईंनी विचारलं.

संध्याकाळी माश्या आत शिरल्यावर दोन्ही दारांत ओलं फडकं कोंबलं. चिमणभाईंनी आपली पेटी स्वतः उचलायचं ठरवलं. कुंपणात वाट नव्हती, म्हणून ती भरलेली पेटी पोटाशी धरून, काकड्याला एका बाजूने हात लावायला सांगून, ते रस्त्याने निघाले. लोक दारांत उभे होते. कोणीतरी विचारलं, "काय चिमणभाई, कुठे निघालात?"

त्यांच्याऐवजी भिकानेच उत्तर दिलं. "चोरी पकडली, म्हणून बदली झाली. अगदी सरकारी पद्धतीने."

बाई म्हणाल्या होत्या तसंच दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. फडकं काढल्यावर माश्या जयवंतीच्या परसातून उठल्या, रानात भटकल्या, आणि सवयीने चिमणभाईंच्या चिकूखाली येऊन उतरल्या. समोर तीच मोडकी पेटी, तेच लहान दार. काही वेळ त्या गोंधळून फिरल्या, मग आत गेल्या. दुपारी एक परकी माशी दाराशी घुटमळली तेव्हा कालच्या लुटारूंनीच तिला पकडून खाली ढकललं. चिमणभाई बघत होते. "काय हा पहारा," असं त्यांच्या तोंडात आलं होतं, पण ते बोलले नाहीत.

पुढचे बरेच दिवस ते रोज संध्याकाळी त्या पेटीत वाटीभर पाक ठेवत होते. थेंब सांडू नये म्हणून वाटीखाली बशी, बशीखाली फडकं. भाद्रपद सरता सरता राणीने पुन्हा अंडी घालायला सुरुवात केली. जयवंतीकडे गेलेल्या पेटीतल्या म्हाताऱ्या, बाहेर उडणाऱ्या माश्या चिमणभाईंकडे निघून आल्या होत्या, पण आतल्या लहान माश्या वाढल्या, आणि मध जागेवरच होता. पुन्हा लुटालूट झाली नाही.

फरक पडला तो ओट्यावर. दिवाळीच्या आधी ठिबकच्या पाइपवरून दोन वाडीवाले भांडत आले, तेव्हा चिमणभाईंनी त्यांना विचारलं, कोणाचं किती गेलं आणि कोणाकडे गेलं? दोघेही बिथरले. असले प्रश्न विचारायचे असते तर आम्ही कोर्टातच गेलो असतो, असं म्हणून उठून गेले. गावात नाराजी पसरली. पूर्वीचे चिमणभाई बरे होते, माणूस निकाल ऐकून निदान मोकळा तरी व्हायचा, असं लोक बोलू लागले. अध्यक्ष बदलायचाही विषय निघाला. पण नवीन कोण, यावरून पुन्हा दोन तट पडले, आणि ते मिटवायला ह्या खेपेला चिमणभाई मध्ये पडले नाहीत. त्यामुळे अध्यक्ष तेच राहिले.

थंडीत बोर्डीच्या बाजूला चिकूचा एक मेळावा भरला. जयवंतीने तिथे मधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. चिमणभाईंना मधमाशीवर बोलायला बोलावलं होतं, कारण त्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण कोणीतरी कोणालातरी सांगितलं होतं. अंबूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चिमणभाईंनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "माझ्या माश्यांनी माझ्या भावाच्या घरचा मध लुटला. मला कळलं नाही. मी त्यांचं कौतुक करत फिरलो."

लोकांना वाटलं, विनोदाने सुरुवात केली आहे. मांडवभर हशा झाला. सगळे पुढचं ऐकायला सरसावून बसले.

पुढे काही नव्हतं. चिमणभाई माइक ठेवून खाली उतरले. निवेदकाने घाईने हातातला कागद पाहिला आणि चिकू सोलण्याच्या स्पर्धेतल्या महिलांना मंचाकडे येण्याची विनंती केली.